अकरा म्हणजे कुठले अकरा?

साताऱ्याहून एका आजींचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी आणि जावई गेली आठ वर्षे आयर्लंडमधल्या डब्लिनला राहतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे त्यांना नात झाली आणि त्याच महिन्याअखेरीस, एका रविवारी, बारसे ठरले. आजी लिहितात :

‘जावयांनी निरोप पाठवला, «बारसे रविवारी सकाळी 11 आयएसटी, सगळ्यांनी व्हिडिओवर यावे». आयएसटी म्हणजे आपली भारतीय वेळ, हे मला ठाऊक होते. माझ्या नणंदा, जावा, शेजारच्या बायका अशा आम्ही चौदा जणी साडेदहापासून बसलो होतो. तिथला पाळणा दिसला की इथेही पाळणा म्हणता यावा, म्हणून मी छोट्या पाळण्यात बाळकृष्ण ठेवला होता. साडेबारापर्यंत कुणी फोन उचलला नाही. बायका घुगऱ्या घेऊन घरी गेल्या. दुपारी मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पडले. उठून पाहते तो जावयांचे सात फोन येऊन गेलेले. ते म्हणाले, «आजोळचे कुणीच आले नाही.» मी म्हणाले, «तुम्हीच आम्हाला तिष्ठत ठेवलेत.» तेव्हापासून बोलणे कामापुरते उरले आहे. यात चूक कुणाची?

‘आणखी एक. नातीची पत्रिका ठेवायला ट्रंक उघडली, तेव्हा माझ्या वडिलांची जुनी पत्रिका हाती लागली. जन्म 1938 चा, वैशाखातला, गिरगावातला. वेळेपुढे «सकाळी 5 वा. 40 मि., मुं. टा.» असे लिहिले आहे. हे मुं. टा. काय आहे? नातीची वेळ जावयांनी «सकाळी 7:20 आयएसटी» अशी कळवली होती, तीच आम्ही इथल्या गुरुजींना दिली.’

आदरणीय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना माझे लक्ष शेवटच्या वाक्यावर अडले. त्याकडे मी पुढे येईनच, कारण बारशाचा गैरसमज एका फोनने मिटण्यासारखा आहे, पण पत्रिकेतली चूक कुणाच्या ध्यानात आली नाही तर जन्मभर तशीच राहते.

आधी बारसे. तुमची चूक नाही आणि जावयांचीही नाही. त्यांनी लिहिलेली तीन अक्षरे बरोबर होती आणि तुम्ही घेतलेला अर्थही बरोबर होता. अडचण अशी की या तीन अक्षरांना जगात निदान तीन धनी आहेत. भारतात आयएसटी म्हणजे इंडियन स्टँडर्ड टाइम, आयर्लंडमध्ये आयरिश स्टँडर्ड टाइम आणि इस्रायलमध्ये इस्रायल स्टँडर्ड टाइम. जगाची घड्याळे लंडनजवळच्या ग्रीनिचच्या वेळेपासून मोजतात; आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, इस्रायलची दोन तास पुढे आणि उन्हाळ्यातली आयर्लंडची एक तास पुढे. तुमच्या जावयांच्या कचेरीत मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत प्रत्येक बैठकीच्या निरोपात आयएसटी हेच लिहिले जाते आणि त्याचा अर्थ तिथे कुणी विचारत नाही. आठ वर्षांच्या सवयीने त्यांनी तेच लिहिले. डब्लिनमध्ये सकाळचे 11 वाजतात तेव्हा त्या दिवसांत साताऱ्यात दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. तुम्ही चौदा जणी पाळण्याभोवती बसून अकरा वाजले तेव्हा तिथे सकाळचे साडेसहा वाजले होते आणि घरातली सगळी माणसे, रात्रभर बाळाने जागवल्यानंतर, गाढ झोपलेली असणार. तुम्ही दुपारी आडव्या झालात तेव्हा तिकडे पाळणा सजत होता. दोन्ही घरे आपापल्या अकराला अगदी वक्तशीर हजर होती.

ही अक्षरे आपल्याकडे कुठून आली हे सांगितले, की वडिलांच्या पत्रिकेचा उलगडाही त्यातच होईल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

घड्याळ लावण्याची मूळ रीत साधी होती. ज्या गावी सूर्य डोक्यावर येईल, तिथे तेव्हा दुपारचे बारा. त्यामुळे प्रत्येक गावाची वेळ स्वतःची असे. पृथ्वी चोवीस तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे लागतात. या हिशेबाने मुंबईची वेळ ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे, मद्रासची सुमारे 5 तास 21 मिनिटे पुढे आणि कलकत्त्याची सुमारे 5 तास 53 मिनिटे पुढे पडे. बैलगाडीने प्रवास होता तोवर याचे कुणाला काही वाटले नाही. आगगाडी आणि तारायंत्र आले तेव्हा मात्र गाडी कुठल्या घड्याळाने सुटणार हा प्रश्न उभा राहिला. मद्रासला वेधशाळा होती आणि तिथली वेळ मुंबई आणि कलकत्ता यांच्या मधली होती, म्हणून रेल्वेने मद्रास टाइम पत्करला. परिणामी मुंबईत स्टेशनाच्या आत एक वेळ आणि बाहेर रस्त्यावर दुसरी, अर्ध्या तासाच्या फरकाची.

1881 मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांनाही मद्रास टाइम लागू केला. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाने निघाले तेच हे गव्हर्नर. मुंबईकरांनी या हुकुमाला इतका विरोध केला की दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला. हा हट्ट मला समजतो. अंगणात पडणारी सावली एक सांगते आणि सरकार दुसरेच सांगते, हे त्या पिढीला खोटे बोलण्यासारखे वाटत होते.

पुढे 1 जानेवारी 1906 पासून सरकारने आणि रेल्वेने देशभर एक प्रमाण वेळ आणली. त्यासाठी साडेब्याऐंशी अंश पूर्व हे रेखावृत्त धरले. ते उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. साडेब्याऐंशीला चाराने गुणले की 330 मिनिटे होतात, म्हणजे बरोबर साडेपाच तास. इंडियन स्टँडर्ड टाइम तो हा, आणि मराठीत आपण त्याला भारतीय प्रमाण वेळ म्हणतो. पंचांगात तुम्ही ‘स्टँ. टा.’ किंवा ‘भा. प्र. वे.’ ही अक्षरे पाहिली असतील, ती याच वेळेची आहेत. आज ही वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांवर राखते.

मुंबईने मात्र ही वेळ सहजासहजी स्वीकारली नाही. बंगालची फाळणी होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते, स्वदेशीची चळवळ पेटली होती आणि सरकारकडून आलेल्या प्रत्येक गोष्टीकडे लोक संशयाने पाहत होते. गिरणी कामगारांच्या दृष्टीने तर प्रश्न थेट पोटाचा आणि झोपेचा होता, कारण घड्याळ 39 मिनिटे पुढे सरकले म्हणजे भोंगा 39 मिनिटे आधी होणार आणि माणसाला तितकेच आधी उठावे लागणार. जानेवारीतच काही कामगारांनी या कारणावरून काम थांबवले. महापालिकेने त्याच वर्षी आपली घड्याळे पुन्हा मुंबईच्या वेळेवर आणली. त्यानंतर कितीतरी वर्षे या शहरात दोन वेळा सुखाने नांदल्या. कुणी वेळ सांगितली की ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड?’ असे विचारण्याची पद्धतच पडली होती, आणि स्वातंत्र्यानंतर पन्नाशीच्या दशकापर्यंत ती पुरती मावळली नव्हती. कलकत्त्यानेही आपली वेगळी वेळ 1948 पर्यंत ठेवली होती. आसामच्या चहाच्या मळ्यांत घड्याळ तासभर पुढे ठेवण्याचा ‘बागान टाइम’ तर अजूनही ऐकू येतो, कारण तिथे सूर्य फार लवकर उगवतो.

तेव्हा ताई, तुमच्या वडिलांच्या पत्रिकेतले ‘मुं. टा.’ म्हणजे मुंबई टाइम. त्या वेळेत 39 मिनिटे मिळवली की आजच्या घड्याळाची वेळ निघते. सकाळी 5 वाजून 40 मिनिटे मुंबई टाइम म्हणजे प्रमाण वेळेने 6 वाजून 19 मिनिटे. वरवर पाहता पाऊण तासाहूनही कमी फरक आहे, पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत तो फार मोलाचा आहे. वैशाखात, मेच्या मध्याला, मुंबईत सूर्य प्रमाण वेळेने साधारण सहा वाजून चार-पाच मिनिटांनी उगवतो. म्हणजे त्यांचा जन्म सूर्योदयानंतरचा आहे. एखाद्याने ‘मुं. टा.’ या अक्षरांकडे दुर्लक्ष करून 5:40 ही आजच्या घड्याळाची वेळ धरली, तर जन्म सूर्योदयापूर्वीचा ठरेल. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे जन्मवारच आदल्या दिवसाचा होईल आणि लग्नराशीही, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रासही, बदलण्याचा संभव राहील.

याची खात्री तुम्हाला घरबसल्या करता येईल. ती गुंडाळी सावकाश उलगडा, कारण इतका जुना कागद घडीवर तुटतो. कुंकवाची बोटे लावलेल्या मथळ्याखाली शके 1860, संवत्सर, ऋतू, मास, तिथी असे लिहीत लिहीत लेखक ‘सूर्योदयात् गत घटी’ असे काही शब्द लिहितो आणि पुढे आकडे देतो. एक घटी म्हणजे 24 मिनिटे आणि घटीची 60 पळे. तिथे जर शून्य घटी आणि 35 ते 40 च्या आसपास पळे लिहिली असतील, तर जन्म सूर्योदयानंतर सुमारे पंधरा मिनिटांनी झाला असा त्याचा अर्थ होतो आणि आपला हिशेब जुळतो. ज्या ज्योतिषाने ती पत्रिका लिहिली त्याने एकच क्षण दोन रीतींनी नोंदवून ठेवला आहे. घड्याळाची रीत बदलेल, सूर्योदय बदलणार नाही, हे त्याच्या मनात असावे असे मला वाटते. मूळ अक्षरांना हात लावू नका. वेगळ्या कागदावर ‘भा. प्र. वे. 6 वा. 19 मि.’ असे लिहून तो पत्रिकेसोबत ठेवा.

ज्यांच्या घरी याच काळातल्या पत्रिका आहेत, अशा इतर वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. दुसऱ्या महायुद्धात 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 या काळात भारतातली घड्याळे एक तास पुढे केली होती. त्या तीन वर्षांतल्या जन्मवेळा वाचताना तो तास वजा केला आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.

आता जावयांच्या आयएसटीकडे येतो. आयर्लंडची गोष्ट मुंबईच्या गोष्टीला इतकी जवळची आहे की ती तुम्ही जावयांना सांगावी असे मला मनापासून वाटते. डब्लिनची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या 25 मिनिटे 21 सेकंद मागे होती आणि 1880 च्या कायद्याने तीच आयर्लंडची अधिकृत वेळ ठरली होती. 1916 च्या एप्रिलमध्ये डब्लिनला ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून आयर्लंडची घड्याळे ग्रीनिचला जुळवून ती 25 मिनिटे पुसून टाकण्यात आली. कलकत्ता, मुंबई आणि डब्लिन या तिन्ही शहरांची घड्याळे एकाच साम्राज्यात, दहा-अकरा वर्षांच्या अंतराने, अशी दुसरीकडे वळवली गेली.

पुढे स्वतंत्र आयर्लंडने 1968 मध्ये कायदा करून ग्रीनिचच्या एक तास पुढची वेळ ही आपली प्रमाण वेळ ठरवली, तीही बारा महिन्यांसाठी. हिवाळ्यातल्या सकाळी फार अंधाऱ्या होऊ लागल्या, म्हणून 1971 मध्ये दुसरा कायदा आला आणि हिवाळ्यापुरते घड्याळ एक तास मागे घेण्याचे ठरले. इंग्लंडमध्ये हिवाळ्यातली वेळ मूळ आणि उन्हाळ्यातली खास मानतात. आयर्लंडच्या कायद्यात ते उलट आहे, उन्हाळ्यातली वेळ हीच ‘स्टँडर्ड’ आणि हिवाळ्यातली सवलतीची. एप्रिल ते ऑक्टोबर तिथे आयएसटी लिहितात ते यामुळे. बरेच जण मधल्या एसचा अर्थ ‘समर’ असा लावतात, आणि रोजच्या व्यवहारात त्याने काही बिघडत नाही.

असे घोटाळे या तीन अक्षरांपुरते नाहीत. बीएसटी म्हणजे ब्रिटनचा उन्हाळी टाइम आणि बांगलादेशाची प्रमाण वेळही. सीएसटी अमेरिकेच्या मधल्या पट्ट्याची वेळ आहे आणि चीनचीही. म्हणूनच जगभरच्या संगणकांसाठी वेळेचे कोष्टक राखणारी मंडळी आद्याक्षरांवर विसंबत नाहीत, ती शहराचे नाव लिहितात. आपली वेळ तिथे ‘आशिया/कोलकाता’ या नावाखाली आहे आणि जावयांची ‘युरोप/डब्लिन’ या नावाखाली. घरच्या निरोपालाही हीच रीत सगळ्यांत सुरक्षित आहे. अक्षरे लिहू नयेत, गावाचे नाव लिहावे आणि दोन्ही गावांच्या वेळा शेजारी शेजारी लिहाव्यात.

जावयांना तुम्हीच आधी फोन करा असे मी सुचवतो. मोठ्या म्हणून कमीपणा घ्या असे माझे म्हणणे नाही. खरी हकीकत आज फक्त तुमच्यापाशी आहे आणि ती त्यांना कळल्याशिवाय त्यांच्या मनातले ‘आजोळचे कुणीच आले नाही’ हे वाक्य जाणार नाही. त्यांना चौदा बायकांचे सांगा, बाळकृष्णाच्या पाळण्याचे सांगा. सात वेळा फोन लावणारा माणूस तुम्हाला विसरलेला नव्हता, हेही तुम्ही ध्यानात घ्या. मुलीला म्हणावे, एखाद्या रविवारी पुन्हा पाळणा बांधा. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ हे दुसऱ्यांदा म्हटल्याने काही अशुभ होत नाही आणि तुमच्या नणंदा-जावा नक्की परत येतील.

याच फोनवर एक प्रश्न न विसरता विचारा, आणि तो विचारण्याचे आठवडाभरही लांबवू नका. नातीच्या जन्माची 7:20 ही वेळ डब्लिनची की भारताची? बारशाच्या निरोपावरून पाहता ती डब्लिनची असण्याचीच शक्यता जास्त आहे, कारण रुग्णालयात भिंतीवर तेच घड्याळ असते आणि जन्माच्या दाखल्यावर तीच वेळ येते. गुरुजींनी मात्र आयएसटी हे शब्द ऐकून ती भारतीय वेळ धरली असणार. तसे झाले असेल तर पत्रिकेत साडेचार तासांची चूक आहे. चंद्राला नक्षत्राचे एक चरण, म्हणजे चौथा भाग, ओलांडायला साधारण सहा तास लागतात आणि नावाचे आद्याक्षर चरणावरून काढतात, म्हणजे साडेचार तासांत चरण बदलून अक्षरच दुसरे येऊ शकते. लग्नराशी तर साधारण दोन तासांत बदलते, त्यामुळे कुंडलीची घरे हलणार यात शंका नाही.

म्हणून गुरुजींना नव्याने सांगताना ‘जन्मस्थळ डब्लिन, तिथल्या घड्याळाने सकाळी 7 वा. 20 मि., त्या दिवशी तिथली घड्याळे ग्रीनिचच्या एक तास पुढे होती’ अशा शब्दांत सांगा. वेळ, गाव आणि घड्याळाची स्थिती या तिन्ही गोष्टी मिळाल्या की त्यांना विचारण्यासारखे काही उरणार नाही. ठेवलेले नाव बदलावे लागेल अशी धास्ती घेऊ नका. नावरस नाव वेगळे आणि हाकेचे नाव वेगळे ही आपल्याकडची जुनीच पद्धत आहे, नाव आवडीचे असेल तर ते तसेच राहू द्या. पत्रिकेतली नोंद मात्र खरी असावी. 1938 मध्ये गिरगावातल्या कुण्या ज्योतिषाने ‘मुं. टा.’ ही दोन अक्षरे लिहिण्याची काळजी घेतली, म्हणून आज तुमच्या वडिलांची वेळ मला इतक्या खात्रीने सांगता आली. नातीच्या पत्रिकेतही वेळेपुढे ‘डब्लिन’ हा शब्द लिहून घ्या.

राहता राहिले उष्टावण. मुलीचे म्हणून ते सातव्या महिन्यात कराल, म्हणजे डिसेंबरात. तोवर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आयर्लंडची घड्याळे तासभर मागे गेलेली असतील आणि साताऱ्याचे अंतर साडेचार तासांऐवजी साडेपाच तासांचे झालेले असेल. जूनचा हिशेब पाठ करून बसलात तर पुन्हा तासभर आधी बसाल. त्या वेळी निरोप तुम्हीच लिहा आणि तो असा लिहा : ‘उष्टावण रविवारी. डब्लिनमध्ये सकाळी 11 वाजता, साताऱ्यात दुपारी साडेचार वाजता.’ खाली तारीख घाला, आणि जावयांकडून ‘बरोबर’ असे उत्तर आल्यावरच शेजारी बोलावणे करा.